मागे घेतलेली माफी

दादा,

काल तुझा तेरावा झाला. गुरुजी पुण्यात आणि आम्ही इथे जपानमध्ये, हिगाशी-कसाईत, म्हणून मंत्र फोनच्या स्पीकरवरून आले. मध्ये दोनदा लाइन तुटली. दुसऱ्यांदा तुटली तेव्हा गुरुजी तिकडे म्हणतच राहिले असणार, कारण पुन्हा लागली तेव्हा ते बरेच पुढे गेले होते. मधलं काय राहिलं ते कुणालाच कळलं नाही. तू असतास तर "गुरुजी, जरा मागून घ्याल का" असं म्हणाला असतास, आणि ते म्हणण्याआधी त्यांची माफी मागितली असतीस. आम्ही तसंच पुढचं ऐकत राहिलो.

मला रडू येत नाहीये. वहिनी रडते, आई तिकडे हडपसरला रडते, तुझी ओवी एकदा पोटभर रडली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. मी कचरा वेगळा करते. बाटली वेगळी, झाकण वेगळं, लेबल वेगळं. गेल्या आठवड्यात तुझं परकीय नोंदणी कार्ड परत करायला वॉर्ड ऑफिसात गेले. फॉर्मवर नातं लिहायचं होतं. 'धाकटी बहीण' असं लिहिलं. अक्षर छान आलं होतं, एवढंच घरी येताना आठवत होतं.

भेटायला येणारे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात. "आमचा गॅस त्यांनी सुरू करून दिला." "आम्ही कुकर आणि दोन बॅगा घेऊन उतरलो तेव्हा कसाई स्टेशनवर तेच उभे होते." खरंच आहे. त्या वर्षांत दर महिन्याला पुण्याहून एखादं नवं जोडपं येत होतं आणि प्रत्येकाला तू घ्यायला जात होतास. कावासाकीच्या तुझ्या ऑफिसातले चौघं आले, दारातच कमरेत वाकले, आणि "जगतापु-सान फार सांभाळून घ्यायचे" असं तुझ्याबद्दल म्हणाले. मी चहा दिला. सगळ्यांच्या आठवणी ऐकून घेतल्या. माझ्याकडे मात्र त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण माझ्याकडे आहे ते आपलं भांडण. तेही अर्धं राहिलेलं.

तू माझा जामीनदार होतास. इथल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश घेताना जपानमध्ये राहणारा, नोकरी करणारा एक माणूस द्यावा लागतो, जो म्हणतो की या विद्यार्थ्याची जबाबदारी माझी. मी पुण्याहून जपानीच्या परीक्षा देऊन आले, एम.एस.ला प्रवेश मिळाला, तुझ्याच घरात ओवीच्या खोलीत राहू लागले. जामीनदाराच्या चौकटीत तू शिक्का मारलास आणि म्हणालास, "शले, आता तू शिंकलीस तरी पत्र मला येणार." तेव्हा आपण हसलो होतो. दुसऱ्या वर्षी खरंच पत्र आलं, आणि माझ्या आधी तुझ्या हातात पडलं.

माझा आणि ओकाबे-सानचा रिपोर्ट जवळजवळ एकसारखा निघाला होता. ओकाबे-सान माझ्याच लॅबमधली, माझ्या शेजारी बसणारी. प्रोग्रॅम मी लिहिला होता आणि तिला तो दिला होता. त्यात काही वावगं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आपल्याकडे कॉलेजात प्रॅक्टिकलचं जर्नल अख्ख्या बॅचमध्ये फिरतं आणि शेवटी कोणाचं कोणाकडे आहे ते कुणाला माहीत नसतं. इथे त्याला नक्कल म्हणतात. देणारा आणि घेणारा दोघंही दोषी, पण घेणारा जास्त. "मी दिलं, घेतलं काही नाही," असं मी तुला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सांगितलं. तू पत्र परत एकदा वाचत होतास. "हं," म्हणालास, आणि मग, "शुक्रवारी समितीपुढे बोलावलंय. मी सुट्टी टाकतो."

तुझं काम मला तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. 'ब्रिज इंजिनिअर' म्हणजे काहीतरी भारी असेल असं आईसकट सगळ्यांना वाटायचं. प्रत्यक्षात तू पुण्याची टीम आणि कावासाकीचा क्लायंट यांच्या मधला माणूस होतास. प्रोग्रॅम पुण्यात बिघडायचा आणि मान कावासाकीत खाली जायची. चूक कोणाची हे ठरण्याआधीच उठून उभं राहायचं, वाकायचं, 'मोशिवाके गोझाइमासेन' म्हणायचं, म्हणजे आमच्याकडे सबब नाही, क्षमा असावी. मग बसून हळूहळू दाखवायचं की स्पेसिफिकेशन त्यांनीच बदललं होतं. तुझी सगळी कमाई या एका गोष्टीवर उभी होती आणि तू त्यात पटाईत होतास.

त्या शुक्रवारी समितीत पाच जण होते. अध्यक्षांनी आरोप वाचला आणि म्हणाले, तुम्हाला यावर काही म्हणायचं असेल तर आता म्हणा. मी दोन दिवस पाठ केलेलं पहिलं वाक्य ओठांवर आणलं, तोवर शेजारची खुर्ची सरकली. तू उभा होतास. हात मांडीला चिकटवून इतका खाली वाकलास की मला तुझ्या डोक्यावरचा टक्कल पडायला लागलेला गोल दिसला. "आमच्या घरच्या मुलीमुळे आपणा सर्वांना फार त्रास झाला. आमच्याकडे सबब नाही." पाचही जणांनी माना हलवल्या. एक जण लिहून घेत होता. त्यानंतर मी जे बोलले ते कुणी नीट ऐकलं असं मला वाटत नाही.

परतताना तोझाई लाइनच्या गाडीत आपण कुजबुजत भांडलो.

"तू सॉरी का म्हणालास?"

"अगं, तसं म्हणावं लागतं."

"मी काही केलेलं नसताना?"

"केलंस असं कुठे म्हटलं मी? त्रास झाला त्याबद्दल म्हटलं. तेवढं आधी म्हटलं की समोरचा ऐकून घेतो, मग डिटेल्समध्ये जायचं. रोज करतो मी हे."

"ते तुझे क्लायंट नव्हते, दादा."

समोरच्या बाईने आपल्याकडे पाहिलं. तू बसल्या बसल्या तिलाही मान लववलीस. मला इतका राग आला की मी एक स्टेशन आधीच उतरले आणि चालत घरी आले. दार ओवीने उघडलं. "आत्या, ओकोरारेता नो?" म्हणाली. तुला ओरडले का? मी म्हटलं, हो. तिने विचार केला आणि मराठीत विचारलं, "मग सॉरी म्हणालीस?"

दहा दिवसांनी निकाल आला. ओकाबे-सानने आपण केलं असं लिहून दिलं होतं, तिला एक महिना. मला सहा महिने निलंबन, आणि त्या सत्राचे सगळे विषय रद्द. कारणांत दोन वाक्यं होती, मला ती अजून पाठ आहेत. जामीनदाराने क्षमा मागितल्यामुळे घडलेल्या गोष्टीबद्दल वाद उरत नाही. विद्यार्थिनीला स्वतःला मात्र पश्चात्ताप झालेला दिसत नाही. म्हणजे तुझ्या माफीने मी दोषी ठरले आणि माझ्या हट्टाने शिक्षा वाढली. सहा महिने वर्गात नाही म्हटल्यावर स्टुडंट व्हिसा पुढे मिळेल याचीही खात्री नव्हती. परत जायचं तर हडपसरला काय सांगून जायचं, हे मी पुढचे बरेच दिवस मनात घोळवत होते.

तू कागद दोन वेळा वाचलास आणि खाली बसलास. मग उठून वॉर्ड ऑफिसला फोन लावलास. तिथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो हे मला माहीतच नव्हतं. नवीन आलेल्यांना सांगून सांगून तुला सगळं ठाऊक होतं. अर्ध्या तासाची वेळ मिळाली. वकीलबाई पांढऱ्या केसांच्या होत्या, पेन्सिलीने लिहीत होत्या. माझं जपानी कायद्यापुढे अपुरं पडायला लागलं तेव्हा तू मध्ये बसून दोन्हीकडचं इकडून तिकडे करत होतास. ब्रिज.

त्यांनी मार्ग सांगितले. पहिला, युनिव्हर्सिटीच्या आतला. निकाल हातात पडल्यापासून चौदा दिवसांत फेरविचाराचा लेखी अर्ज, आणि त्यात आधी पुढे न आलेलं काहीतरी हवं, नुसतं 'अन्याय झाला' चालत नाही. दुसरा, कोर्ट. निलंबन बेकायदा ठरवा असा दावा. पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत सहा महिने उलटून जातील, म्हणून सोबत तात्पुरता आदेश मागायचा. "आपल्याकडे स्टे म्हणतात तसं," तू मला मराठीत म्हणालास. आणि कोर्ट हिचा रिपोर्ट तपासायला बसणार नाही, बाई म्हणाल्या. शिक्षण कसं द्यायचं, शिस्त कशी लावायची हे युनिव्हर्सिटीचं युनिव्हर्सिटीने ठरवावं असंच कोर्ट धरून चालतं. ते एवढंच बघेल की आरोपाला काही आधार होता का, शिक्षा भलतीच जास्त आहे का, आणि हिला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळाली का.

"संधी तर दिली होती," बाई कागदावर पेन्सिल टेकवून म्हणाल्या. "त्या संधीत तुम्ही क्षमा मागितलीत."

तू हे मला भाषांतर करून सांगितलं नाहीस. तेवढं जपानी मला येत होतं.

मग त्या म्हणाल्या, आता नवीन असं एकच देता येईल. जामीनदाराने स्वतः लिहून द्यावं की ती क्षमा झालेल्या त्रासाबद्दल होती, आरोप मान्य केल्याची नव्हती. आणि पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे बघत त्यांनी एक प्रश्न विचारला. तू तो मराठीत केलास. "त्या विचारतायत, घडलेलं सगळं त्यांना सांगितलंयस ना?" मी म्हटलं, "हो." तू वळून बाईंना म्हणालास, "हाय," म्हणजे हो. तो प्रश्न तुझ्या तोंडून निघाला तो एवढाच एकदा, आणि तोही दुसऱ्याचा.

ते लिहायला तू अकरा दिवस घेतलेस. मी तुला भित्रा म्हटलं, आठवतं? जेवणाच्या टेबलावर, वहिनीसमोर. तू शांतपणे सांगत होतास की इथे माफी मागून झाल्यावर ती मागे घेणारा माणूस कुणी पाहिलेला नाही. एकदा मागे घेतली की पुढच्या प्रत्येक माफीला अर्थ राहत नाही. मी म्हटलं, तुझ्या माफ्यांना तसाही काय अर्थ आहे? वहिनी उठून आत गेली. तू पोळीचा तुकडा ताटात फिरवत राहिलास. मला तेव्हा फक्त कॅलेंडर दिसत होतं.

बाराव्या दिवशी लिहिलंस. मी वाचलं आणि पुन्हा भांडले. तू लिहिलं होतंस, 'माझ्या माहितीप्रमाणे माझ्या बहिणीने दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून दिलेलं नाही.'

"माझ्या माहितीप्रमाणे कशाला? तिने केलेलं नाही, असं सरळ लिही ना."

"मला जेवढं माहीत आहे तेवढंच लिहितो, शले."

"म्हणजे तुझा विश्वास नाही."

तू शिक्का काढलास, शाई लावलीस, नीट सरळ धरून मारलास. पहिल्या समितीनंतर, निकालानंतर, वकिलांकडून येताना, त्या अकरा दिवसांत एकदाही तू मला विचारलं नव्हतंस, शलाका, तू घेतलं होतंस का? कुठलाही भाऊ विचारेल. चिडून विचारेल, नाहीतर जवळ बसवून विचारेल. तुला विचारावंसंसुद्धा वाटत नाही, म्हणजे तू मनात ठरवून मोकळा झालायस, असं मी धरून चालले.

दुसऱ्या सुनावणीला तू वाकला नाहीस. आत आल्यावर सगळे करतात तेवढी मान लववलीस, बसलास, आणि बसूनच वाचलंस. आवाज बरोबर होता. कान मात्र लाल झाले होते. मागच्या वेळी लिहून घेणाऱ्या माणसाने या वेळी लिहायचं थांबवून तुझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आपण ते शब्द परत घेता?" तू म्हणालास, "त्या अर्थाने, हो." इथे असं म्हणायला काय लागतं ते मला आता कळतं, तीन वर्षं स्वतः नोकरी केल्यावर. बाहेर पडताना गेटवरच्या वॉचमनला तू उगाचच दोनदा वाकलास.

निलंबन एका महिन्यावर आलं. विषय वाचले, व्हिसा वाचला. वहिनीने शिरा केला. 'गैरवर्तन' हा शब्द रेकॉर्डवर तसाच होता, आणि तो तुला टोचत होता. तू म्हणालास, "आता कोर्टात जाऊ. बाई म्हणाल्या तसं. नाव पूर्ण साफ होऊ दे." सुट्ट्यांचा हिशोबही करून ठेवला होतास. मी म्हटलं, राहू दे, तुझी आणखी किती दगदग करायची. तुला ते फार आवडलं. बिल्डिंगमध्ये दहा जणांना सांगितलंस, आमची शलाका तशी समजूतदार आहे.

दादा, मी समजूतदारपणा केला नव्हता. वकीलबाईंनी सांगितलं होतं की कोर्टात माझं सविस्तर लेखी निवेदन लागेल, आणि ओकाबे-सानचंही येईल. ओकाबे-सानने समितीला लिहून दिलं होतं की आम्ही दोघींनी एकमेकींना दिलं. मी समितीत म्हटलं की ती खोटं बोलतेय. ती खरं बोलत होती. प्रोग्रॅम माझा होता, पण मोजमापांची दोन्ही कोष्टकं मी तिची घेतली होती. त्या आठवड्यात लॅबचं मशीन मला मिळालं नाही आणि तारीख जवळ आली होती, इतकं साधं कारण. आकडे तिचे, खाली नाव माझं. तू पहिल्या दिवशी वाकून मागितलीस ती माफी अगदी रास्त होती. त्या खोलीत तेवढी एकच गोष्ट रास्त होती, आणि ती मी तुला मागे घ्यायला लावली.

आणि वर तीन वर्षं तुला टोमणे मारले. दर दिवाळीला, चार लोकांत, फराळाची ताटं हातात असताना. "आमच्या दादासमोर जपून बोला हं, तुमच्या वतीनेपण सॉरी म्हणून टाकेल." लोक हसायचे. तूही हसायचास, चकली मोडत. मला वाटायचं, एकदा तरी चिडेल आणि विचारेल. विचारलं असतंस तर कदाचित बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटायचं. तुझे आभार मी मानले नाहीत. ते मानायचे तर कशाबद्दल ते म्हणावं लागलं असतं.

आज दुपारी वहिनी आणि मी तुझे कागद लावत होतो. विमा, ओवीच्या शाळेचे, घराचा करार. त्यात तुझ्या निवेदनाची प्रत निघाली. मी ती हातात धरून बसले. नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "याने मला एकदाही विचारलं नाही गं वहिनी. खरं काय ते."

वहिनीने मान वर केली नाही. ती कराराची पानं क्रमाने लावत होती.

"मी म्हटलं होतं त्याला," ती म्हणाली. "एवढं जड जातंय तर आधी तिला विचार तरी. तर म्हणाला, विचारलं की ती खरं सांगेल गं. मग मला हे लिहिता यायचं नाही."

तिने पानांना पिन मारली आणि पुढचा गठ्ठा घेतला. मी प्रत फाईलमध्ये ठेवली. नंतर आम्ही ओवीला आणायला गेलो.

वहिनीला मी काही सांगितलं नाही. तुला सांगते. तू विचारलं असतंस ना दादा, तर मी 'नाही घेतलं' असंच म्हटलं असतं.